शाळेनंतरचे पाळणाघर आणि सुट्टीतील दिवसभराची सोय : दोन भावंडांसाठी वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा मुलगा पाचवीत आणि मुलगी पहिलीत आहे. शाळा एकच असली तरी दोघांच्या सुटण्याच्या वेळा वेगळ्या आहेत आणि आम्ही दोघेही संध्याकाळपर्यंत कामावर असतो. म्हणून शाळेच्या दिवसांत दुपारनंतर आणि सुट्टीत दिवसभर मुलांना सांभाळणाऱ्या एका पाळणाघरात आम्ही दोघांची नावे घातली. अख्खे शैक्षणिक वर्ष आणि त्यातल्या सुट्ट्या असे दोन्ही अनुभवल्यावर माझे मत असे झाले आहे की, या दोन सोयी एकाच छपराखाली मिळत असल्या तरी त्या वेगळ्या आहेत आणि त्यांची पारखही वेगवेगळीच करावी लागते. पहिली आम्हाला उत्तम मिळाली, दुसरी निम्मीच.

शाळेच्या दिवसांत सर्वांत महत्त्वाची असते ती मूल ताब्यात घेण्याची पद्धत. आमच्या पाळणाघरातील ताई शाळेच्या दारापर्यंत येतात आणि वहीत वेळेची नोंद करून मुलांना नेतात. धाकटी आधी सुटते आणि थोरला तासाभराने, म्हणून त्या दोन फेऱ्या करतात. धाकट्या मुलाला भाऊ किंवा बहीण सुटेपर्यंत शाळेतच बसवून ठेवणारी पाळणाघरेही आम्ही पाहिली होती आणि त्याच कारणासाठी ती नाकारली. मूल दाराशी दिसले नाही, तर आधी शाळेच्या कार्यालयात विचारायचे, मग पालकांना फोन करायचा आणि ठावठिकाणा लागेपर्यंत तेथून हलायचे नाही, असा त्यांचा लेखी नियम आहे. न्यायला येणाऱ्या माणसांची यादीही लेखी असते. त्या यादीत नसलेला मुलांचा सख्खा काका एकदा त्यांना न्यायला गेला, तेव्हा आमच्याशी फोनवर बोलून खातरजमा होईपर्यंत त्यांनी मुले सोडली नाहीत. काकाला ते थोडे लागले, पण माझा विश्वास त्या दिवसापासून दुणावला.

भावंडांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र निराळी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत धाकटी भावाला सोडतच नव्हती आणि तिथल्या मदतनीस बायकाही सहजपणे त्याला सांगत, "बहिणीकडे लक्ष दे." तिची बाटली भरून देणे, ती रडली की समजूत काढणे, ही कामे हळूहळू त्याच्याकडे गेली. तो तक्रार करत नव्हता, परंतु घरी आल्यावर चिडचिडा असे. पाळणाघराच्या प्रमुख ताईंशी बोललो, तेव्हा त्यांनी वाद न घालता व्यवस्था बदलली : दोघांनी खाणे एकत्र करायचे, नंतर वयानुसार आपापल्या गटात जायचे, आणि धाकटीला काही हवे असेल तर तिच्या गटाच्या ताईंनीच पाहायचे. महिनाभरात तिला स्वतःच्या मैत्रिणी मिळाल्या आणि त्याचा गृहपाठही शांतपणे होऊ लागला. दोन्ही मुले एका ठिकाणी असणे ही पालकांची सोय आहे. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलीचा पालक करण्याचा अधिकार त्यातून कोणालाच मिळत नाही. पाळणाघर पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न थेट विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन.

गृहपाठाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. मुलांना वेळेवर बसवणे आणि वही उघडायला लावणे एवढे ते करतात. ती शिकवणी नव्हे.

आजारपणाचा नियम दोन मुले असली की अधिक बारकाईने वाचावा लागतो. ताप असलेले मूल घेत नाहीत, आणि औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसेल तरच परत घेतात, हे योग्यच आहे. पण एक आजारी आणि दुसरे ठणठणीत असेल तर काय? आमच्याकडे ठणठणीत मुलाला घेतात, मात्र घरात उलट्या-जुलाब सुरू असतील तर दोघांनाही घरी ठेवावे लागते. अर्ध्या दिवसाच्या शाळेसाठी आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे लागते आणि ऐनवेळी जाहीर झालेल्या सुट्टीची हमी ते देत नाहीत. अशा दिवसांसाठी मुलीच्या वर्गातल्या एका कुटुंबाशी आळीपाळीने मुले सांभाळण्याचे आम्ही ठरवले आहे.

आता सुट्टीबद्दल. मुलांची संख्या एकदम वाढते, तात्पुरत्या मदतनीस येतात आणि वयाचे गट विस्कळीत होतात. दुपारी लहान मुलांना झोपवायचे म्हणून मोठ्यांनी आवाज करायचा नाही, आणि आवाज नको म्हणून त्यांना टीव्हीसमोर बसवायचे, असा क्रम सुरू झाला. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा सुरू असताना मैदानाचा तास आणि मधली सुट्टी यांतून त्यातला काही वाटा निघतो. सुट्टीत सगळी जबाबदारी सांभाळणाऱ्यांवर येते. आमच्या तक्रारीनंतर मोठ्यांना वेगळी खोली आणि बैठे खेळ मिळाले, टीव्ही कमी झाला, पण मैदान संध्याकाळच्या थोड्या वेळापुरतेच राहिले. मुलीला मात्र सुट्टीतील प्रत्येक दिवस आवडला. तेव्हा एकाच घरातली दोन मुले एकाच सोयीला दोन टोकांचे गुण देऊ शकतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

पैशांच्या बाबतीत तीन कलमे नीट वाचावीत. भावंडांसाठीची सवलत आम्हाला फक्त शाळेच्या महिन्यांत मिळाली, सुट्टीच्या शुल्कात नाही. न्यायला उशीर झाल्यास आकारला जाणारा दंड प्रत्येक मुलामागे असतो, म्हणजे आमच्यासाठी दुप्पट. सुट्टीची नोंदणी आठवड्याच्या हिशेबाने आगाऊ करावी लागते आणि रद्द केल्यास रक्कम परत मिळत नाही.

पुढील वर्षी शाळेच्या दिवसांसाठी दोघांचीही नावे तिथेच ठेवली आहेत. सुट्टीत मुलगी पूर्णवेळ तिथे जाईल आणि मुलगा सकाळी क्रीडा शिबिराला. शिबिर दुपारी संपल्यावर त्याला तेथून आणण्याचे पाळणाघराने मान्य केले असून, ते आम्ही नोंदणीच्या अर्जावर लिहून घेतले आहे.