पट्टी, सॅलिसिलिक की अ‍ॅडापलीन? ब्लॅकहेड्सवर काय निवडावं

नाकावरची पट्टी ओढून काढली की आपण सगळ्यात आधी ती उजेडाकडे धरतो. पांढऱ्या कापडावर उभे राहिलेले ते बारीक काटे बघून मला तरी भलतंच समाधान मिळायचं. पुढे दोन-तीन आठवड्यांत नाक पुन्हा जसंच्या तसं, की पुन्हा नवी पट्टी. हा खेळ मी बरीच वर्षं खेळले आणि त्यालाच उपचार समजत राहिले.

तुम्हीही याच फेऱ्यात असाल, तर काही विकत घेण्याआधी आरशासमोर दोन मिनिटं उभ्या राहा. नाकावर सगळीकडे सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे करडे ठिपके दिसतात का? मग ते बहुधा ब्लॅकहेड्स नाहीतच. इंग्रजीत त्यांना सिबेशियस फिलामेंट्स म्हणतात. ग्रंथीतलं तेल त्वचेच्या पृष्ठभागावर आणणाऱ्या या बारीक वाती आहेत आणि त्या प्रत्येकाच्या नाकात असतात. उपटल्या तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात, कारण भरणं हेच त्यांचं काम. माझ्या पट्टीवरचे बहुतेक काटे हेच होते, म्हणजे मी एका निरोगी गोष्टीशी भांडत होते.

खरा ब्लॅकहेड यांच्यापेक्षा गडद, सुटा आणि बोटाला किंचित लागणारा असतो. तो नाकाखेरीज हनुवटी, कपाळ, कानाची पाळी, पाठ असा कुठेही निघतो. केसाच्या मुळाजवळच्या छिद्रात मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या, त्याऐवजी तेलात एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, वर त्वचेचा पापुद्रा राहिला तर व्हाइटहेड. काळेपणा मळाचा नसतो. बुचातल्या मेलॅनिनचा (त्वचेतल्या रंगद्रव्याचा) आणि तेलाचा हवेशी संबंध येऊन तो रंग चढतो. त्यामुळे चेहरा कितीही घासला तरी तो जात नाही, उलट त्वचा सोलवटते. खरखरीत स्क्रब, टूथपेस्ट, सोडा हे सगळं इथेच बाद झालं. त्यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

उरलेल्यांत पट्टीचा हिशोब सोपा आहे. ती बुचाचं टोक ओढते, पण खाली बूच का बसलं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. उद्या समारंभ आहे आणि फोटोत नाक स्वच्छ दिसायला हवं, एवढ्यापुरती वापरायला हरकत नाही. त्वचा नाजूक असेल, चेहऱ्यावर लाल पुळ्या असतील किंवा रेटिनॉइडचं (‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या औषधाचं) मलम चालू असेल, तर मात्र ती टाळा. रेटिनॉइडने वरचा थर हळवा झालेला असतो, तो पट्टीबरोबर सोलून येऊ शकतो.

खरी निवड सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅडापलीन या दोघांत आहे.

सॅलिसिलिक तेलात विरघळतं. त्यामुळे ते तेलाने भरलेल्या छिद्रात शिरतं आणि चिकटलेल्या पेशींची पकड सैल करतं. दुकानात ते साधारण ०.५ ते २ टक्के या प्रमाणात मिळतं. इथे एक फसगत हमखास होते. लोक सॅलिसिलिकचा फेसवॉश घेतात, अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतात आणि ‘मला काही फरकच पडला नाही’ म्हणतात. चेहऱ्यावर ठेवायचं लिक्विड किंवा जेल घेतलं तर औषधाला काम करायला वेळ मिळतो. आठवड्यातून दोन-तीनदा सुरू करा, त्वचा कुरकुरली नाही तर वाढवा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड. ते पेशींच्या झडण्याची घडीच सुधारतं, म्हणजे नवं बूच तयार होण्याच्या आधीच्या पायरीवर काम करतं. डोळ्यांना अजून न दिसणारी सूक्ष्म बुचंही त्याच्या कक्षेत येतात. म्हणून ते ठिपक्या-ठिपक्यावर टेकवायचं नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढं घेऊन त्रासाच्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. अमेरिकेत २०१६ पासून ०.१ टक्क्याचं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी अजून डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

त्याची अडचण म्हणजे पहिला महिना. ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कडेला त्वचा कोरडी पडते, पापुद्रे निघतात, कधी चुरचुरतं. नेमकं याच वेळी बहुतेक लोक ट्यूब कपाटात टाकतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. सुरुवातीला एक दिवसाआड लावणं, आधी मॉइश्चरायझर लावून मग औषध लावणं, यांनी हा काळ बराच सुसह्य होतो. सकाळी सनस्क्रीन हवंच. गर्भवती असाल किंवा तशी तयारी चालू असेल तर अ‍ॅडापलीन नको.

मग कोणी काय घ्यावं? ब्लॅकहेड्स मोजके आहेत, त्वचा तेलकट आहे आणि रोज रात्री नेमाने काही लावणं तुमच्या स्वभावात नाही, तर सॅलिसिलिक. ब्लॅकहेड्स दाट आहेत, सोबत व्हाइटहेड्स आणि अधूनमधून पुळ्याही आहेत, वर्षानुवर्षं परत येतात, तर माझं मत सरळ अ‍ॅडापलीनला. दोन्ही एकाच रात्री लावायचा मोह आवरा. एक नीट बसल्यावर, गरज वाटली तरच दुसरं, तेही वेगळ्या वेळी. आणि तुमच्या नाकावर नुसते ते करडे ठिपके असतील, तर सॅलिसिलिकने ते थोडे फिके दिसतील. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

नखांनी दाबून काढण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण वाचता वाचताही कोणाचा तरी हात हनुवटीकडे गेला असेल. बूच नेहमी वरच येतं असं नाही. दाबाने छिद्राची भिंत आतच फुटली तर ऐवज त्वचेत सांडतो आणि साध्या ठिपक्याची लाल, दुखरी पुळी होते. ती बसली तरी डाग महिनोन्‌महिने राहतो. एखादा जुना, घट्ट ब्लॅकहेड औषधाला दाद देत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक उपकरणाने तो मिनिटभरात काढतात. आधी काही आठवडे औषध लावून बूच सैल केलेलं असेल तर तो अलगद निघतो.

नवे ब्लॅकहेड्स येऊ नयेत म्हणून दिवसातून दोनदा सौम्य क्लिन्झर पुरे. क्रीम आणि मेकअप घेताना पाकिटावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, हा शब्द शोधा. हा शब्द म्हणजे हमी नव्हे, पण चाळणी म्हणून बरा. ठिपके फक्त कपाळावर, केसांच्या रेषेलगत असतील तर चेहऱ्याच्या क्रीमआधी केसांना लावता त्या तेलावर किंवा पोमेडवर (केस बसवायच्या मेणचट क्रीमवर) संशय घ्या. आणि कोणी दिलं म्हणून स्टेरॉइड असलेलं मलम चेहऱ्यावर चोळू नका, त्यानेही अशी बुचं उठतात.

तीन महिने नेमाने करूनही ढिम्म फरक नसेल, उतारवयात डोळ्यांच्या कडेला मोठाले ब्लॅकहेड्स दाटीने दिसायला लागले असतील, किंवा काखेत-जांघेत एकाला एक चिकटून जोडीने येत असतील आणि तिथे गाठी दुखत असतील, तर या तुलनेतलं काहीच निवडू नका. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या.