गो: मालकी गूगलची, पण 'नको' म्हणायची सोय आहे

गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट, सोर्स कोड उघडा, पॅच कुणीही पाठवावा. तरी गो घेताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या: शेवटचा शब्द गूगलच्या टीमचा. पुण्यातल्या आमच्या टीमचा पेमेंटचा सगळा बॅकएंड गोवर चालतो, आणि नवीन आलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, "तिथे आपलं कुणी ऐकतं का हो?"

ऐकतात. पण काय करायचं ते तेच ठरवतात. आपला जोर चालतो तो नको म्हणण्यात.

एररचंच घ्या. प्रत्येक कॉलखाली एरर आली का ते बघणारा तीन ओळींचा इफ. आमच्याकडे अशी फंक्शन्स आहेत की खरं काम चार ओळींचं आणि एररची राखण बारा ओळींची. २०१९ मध्ये रॉबर्ट ग्रीसेमर यांनी, म्हणजे भाषेच्या मूळ तिघांपैकी एकाने, त्यावर 'ट्राय' सुचवलं: इफऐवजी हा एक शब्द, एरर आली की फंक्शन तिथूनच परत. फंक्शन मध्येच कुठून बाहेर पडतंय ते वाचताना चटकन दिसणार नाही, म्हणून लोकांनी असं काही धारेवर धरलं की जुलैत प्रस्ताव गुंडाळावा लागला. २०२५ मध्ये टीमने हा सिंटॅक्सचा विषयच तूर्तास बंद केला. इफचा मलाही वैताग येतो, पण रात्री दोनला दुसऱ्याचा कोड वाचायची वेळ आली की तोच बरा वाटतो.

२०२३ मध्ये तेच टेलिमेट्रीचं. टूलचेनच्या, म्हणजे कंपायलर वगैरे साधनांच्या, वापराचे आकडे गूगलकडे जातील, नको त्याने बंद करावं, असा गो टीमचे तेव्हाचे प्रमुख रस कॉक्स यांचा प्रस्ताव होता. बोंबाबोंब झाली आणि गाडी उलटी फिरली: हवं त्यानेच चालू करावं. गोच्या १.२३ आवृत्तीत ते आलं तेव्हा आकडे आपल्याच मशीनवर साठत होते. 'गो टेलिमेट्री ऑन' दिल्याशिवाय पुढे जात नाहीत.

डेपचं मात्र मला अजून खटकतं. 'अधिकृत प्रयोग' अशी पाटी लावून कम्युनिटीतल्या लोकांनी हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे बाहेरच्या लायब्ररी प्रोजेक्टमध्ये आणणारं टूल, उभा केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॉक्स यांनी आपला 'व्हीगो' मांडला आणि त्याच वर्षी १.११ मध्ये तो मॉड्यूल्स म्हणून आलाही. डिझाइन चांगलंच आहे. लायब्ररीची सगळ्यांच्या अटीत बसणारी सर्वात जुनी आवृत्ती उचलतो, त्यामुळे बिल्ड उगाच बदलत नाही. पण राबणाऱ्यांना भरल्या ताटावरून उठवलं. गोला द्यायच्या माझ्या पाच ताऱ्यांपैकी एक तिथे गेला.

बाकी चार पूर्ण. १.२२ मध्ये फॉर लूपच्या व्हेरिएबलचा अर्थ बदलला (आता प्रत्येक फेरीला नवा), तोही प्रोजेक्टच्या गो डॉट मॉड फाइलमध्ये १.२२ किंवा पुढचा आकडा असेल तरच लागू. जुन्या सर्व्हिसला धक्का नाही. फक्त वर्षात दोन आवृत्त्या येतात आणि सिक्युरिटी फिक्स शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात, तेव्हा अपग्रेडचं काम मॅनेजरकडून आधीच प्लॅनमध्ये घालून घ्या.