दुसऱ्या फेरीच्या भावाचा पास रशर : घ्यावा की वर्षभर थांबावे?

अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये दर मार्च महिन्यात खेळाडूंचा जो बाजार भरतो, त्याच्या एका कोपऱ्यात एक चमत्कारिक दुकान असते. माल मांडलेला असतो, भावही लिहिलेला असतो. मात्र तुम्ही पैसे मोजायला घेतलेत की जुना मालक येऊन तेवढ्याच पैशांत तो माल परत घरी नेऊ शकतो. खेळाडूला माल म्हणणे बरे दिसत नाही, परंतु रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटचा, म्हणजे करार संपूनही पुरता मोकळा न झालेल्या खेळाडूचा, सगळा व्यवहार याच रीतीने चालतो. या दुकानात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा चांगला पास रशर क्वचितच येतो, आणि आला की त्याच्यासाठी बोली लावावी का, हा प्रश्न सॅकचा (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडण्याचा) दुष्काळ असलेल्या प्रत्येक संघासमोर उभा राहतो.

अटी थोडक्यात सांगतो. करार संपलेल्या खेळाडूचे तीनच हंगाम नियमाप्रमाणे मोजले गेले असतील, तर जुना संघ त्याला एका वर्षाचे टेंडर देतो (आपल्या सरकारी निविदेशी या शब्दाचा काही संबंध नाही). टेंडरच्या पातळ्यांना नावे ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू फेऱ्यांनी निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेच्या, फेऱ्यांवरून पडतात. २०१८ साली पहिल्या फेरीचे टेंडर ४१.४९ लाख डॉलरचे, दुसऱ्या फेरीचे २९.१४ लाखांचे आणि सर्वांत खालचे १९.०७ लाखांचे होते. दुसऱ्या संघाने ऑफर शीट, म्हणजे कराराचा लेखी प्रस्ताव, दिली, तर तिची बरोबरी करायला जुन्या संघाला पाच दिवस मिळतात; त्याने बरोबरी केली नाही, तर खेळाडू नव्या संघाकडे जातो आणि टेंडरच्या पातळीनुसार त्या फेरीची ड्राफ्टमधली निवड जुन्या संघाच्या पदरात पडते. म्हणजे येथे भाव दोनदा मोजावा लागतो, एकदा पैशांत आणि एकदा निवडीत.

त्या वर्षी दुकानात असलेला शकील बॅरेट याच्या उदाहरणाने हा हिशेब नीट कळतो. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही घेतले नव्हते, आणि डेन्व्हर संघात त्याचे पहिले वर्ष बहुतेक सराव संघातच गेले. म्हणूनच चार वर्षांनंतरही तो पूर्ण मोकळा झाला नव्हता. तोवर त्याच्या नावावर अवघे ११ सॅक होते. आकडा किरकोळ दिसतो, पण त्याच्यापुढे आधी व्हॉन मिलर आणि डीमार्कस वेअर, नंतर मिलर आणि शेन रे अशी पास रशरांची रांग होती, आणि मैदानावर नसलेला माणूस सॅक घेणार कसा? त्याचा खेळ पाहताना लक्षात राहायची ती त्याची वाकण्याची पद्धत: सव्वासहा फुटांच्या आतबाहेरचा हा गडी क्वार्टरबॅकच्या रक्षणाला उभ्या धिप्पाड टॅकलच्या हातांखालून आतला खांदा इतका खाली घेतो, की टॅकलला धरायला छातीच सापडत नाही. डेन्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीचे टेंडर दिले, त्यानेही अखेर त्यावरच सही केली, आणि लगेच डेन्व्हरने पाचव्या क्रमांकाची निवड ब्रॅडली चब या आणखी एका पास रशरवर खर्च केली. २०१८ च्या हंगामात बॅरेटचे सॅक झाले तीन.

आता त्या वेळच्या टँपा बे या संघाच्या जागी बसून पाहा. २०१७ मध्ये संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी, म्हणजे २२ सॅक त्यांचे होते, आणि हाताशी ३८ वी निवड होती. ती त्यांनी रोनाल्ड जोन्स या रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूवर, लावली, ज्याने पहिल्या हंगामात ४४ यार्ड काढले. मार्च २०१९ मध्ये बॅरेट पूर्ण मोकळा झाल्यावर याच संघाने त्याला एका वर्षासाठी ४० लाख डॉलरला आणले, एकही निवड न देता. त्या हंगामात त्याने १९.५ सॅक घेतले, लीगमध्ये पहिला आला आणि वॉरन सॅपचा १६.५ चा संघविक्रम मागे टाकला. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या एका सामन्यातच चार.

माझे मत असे, की दुसऱ्या फेरीच्या भावाला राखीव पास रशर घेऊ नये. त्याची लायकी नसते म्हणून नव्हे. एक वर्ष कळ काढली तर तोच खेळाडू निवड न देता मिळण्याची शक्यता असते म्हणून. थांबण्यात धोका आहे, हे मान्य. त्या वर्षात तो जुन्याच संघात बहरला, तर भाव आवाक्याबाहेर जातो; टँपालाही २०२० मध्ये फ्रँचायझी टॅग (खेळाडूला आणखी एक वर्ष राखून ठेवण्याचा संघाचा हक्क) लावून त्याला सुमारे १.५८ कोटी डॉलर द्यावे लागले. मात्र घाईचा धोका त्याहून मोठा आहे. २००९ मध्ये १७ सॅक घेऊन लीगमध्ये पहिला आलेला एल्व्हिस डुमरव्हिल पुढच्या वर्षी रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता; डेन्व्हरने जुलैत त्याच्याशी मोठा करार केला आणि ऑगस्टमध्ये सरावात छातीचा स्नायू फाटून त्याचा अख्खा हंगाम गेला. यात दोष कोणाचाच नव्हता, पण दुसऱ्या एखाद्या संघाने त्याला निवड देऊन आणले असते, तर त्या वर्षी पैसा आणि निवड दोन्ही बुडाल्यासारखेच झाले असते.

सर्वांत खालच्या टेंडरवरचा, ड्राफ्ट न झालेला पास रशर दिसला तर मात्र मागेपुढे पाहू नये, कारण त्याला ड्राफ्टची मूळ फेरीच नसल्याने त्याच्या बदल्यात निवड द्यावीच लागत नाही. ऑफर शीट लिहिताना पहिल्या वर्षाची रक्कम इतकी जड ठेवावी, की सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेत, जागा नसलेल्या जुन्या मालकाला ते पाच दिवस नुसता हिशेब मांडण्यातच घालवावे लागतील.