जुन्या जीपचं सैल स्टीअरिंग : नुसतं आवळावं, रॉस बॉक्स भरावा की दुसरा बसवावा?

सीजे-३बी किंवा त्याच घराण्यातली, पुढे बेल क्रँक (स्टीअरिंगची हालचाल दोन्ही चाकांकडे वाटणारी तरफ) असलेली जुनी जीप घेतली की पहिल्या आठवड्यातच तक्रार सुरू होते. सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग सारखं डावी-उजवीकडे खेळवत राहावं लागतं. मग सल्ले तीन मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, स्टीअरिंग बॉक्सचा (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या गिअरपेटीचा) स्क्रू आवळून देतो. लेथवाला म्हणतो, बॉक्स उघडा, शाफ्ट-बुश नवे घाला. ऑफरोडवाली मंडळी म्हणतात, तो रॉस (म्हणजे जीपचा मूळ स्टीअरिंग बॉक्स) फेका आणि पॉवर स्टीअरिंग बसवा. तिन्ही कामं खरी आहेत, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. आणि बऱ्याच जीपमध्ये प्लेचा, म्हणजे ढिलाईचा, मोठा वाटा बॉक्समध्ये नसतोच.

म्हणून आधी अर्धा तास खाली झोपा. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. जॅकवर नको, टायरवर भार नसला की चाक लगेच फिरतं आणि ढिले सांधे लपतात. एकाने स्टीअरिंग दोन-तीन इंच इकडे-तिकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर बोट ठेवत जायचं. बोट अर्धं सांध्याच्या एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला. ढिलाई डोळ्यांआधी बोटाला कळते. स्टीअरिंग फिरतंय आणि बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म गप्प, तर दोष बॉक्सचा. अख्खा बॉक्सच चॅसिसवर डुलतोय, तर बोल्ट सैल आहेत किंवा चॅसिसला तडा गेलाय. तिथली माती ब्रशने काढून बघा. ड्रॉप आर्म हलतोय, त्याला बेल क्रँकशी जोडणारी ड्रॅग लिंक सरकतेय, पण बेल क्रँक फिरण्याआधी जरा वर उचलला जातोय किंवा तिरका होतोय, तर चोर सापडला. या जीपचं हे नेहमीचं दुखणं.

एक हिशेब करून ठेवा. रॉस बॉक्सचं प्रमाण मधल्या भागात १२ ला १ आहे. ड्रॉप आर्म १५० मिमी धरला, तर ड्रॅग लिंकच्या सांध्यातली फक्त १ मिमी ढिलाई १७ इंची स्टीअरिंगच्या कडेला सुमारे १७ मिमी होऊन येते. अशी ड्रॅग लिंकची दोन टोकं, बेल क्रँक आणि टाय रॉडचे (बेल क्रँकपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) चार एंड. प्रत्येकी थोडं थोडं धरलं तरी बॉक्स नवाकोरा असून स्टीअरिंग झोकांड्या खाणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम स्टीअरिंगला ३० अंशांपर्यंत प्ले चालवून घेतो. १७ इंची स्टीअरिंगवर ते जवळजवळ साडेचार इंच होतात. पासिंगला हे चालेल, पण ताम्हिणी घाटात या भरवशावर उतरू नका. एक इंचाच्या आत आणायचं, हे ध्येय ठेवा.

शेवटी एकेक पुढचं चाक जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलवा. ठोका लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ठोका गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंग पिन (जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन).

पहिला पर्याय म्हणजे लिंकेज आणि ॲडजस्टमेंट. ड्रॅग लिंकच्या टोकांत स्प्रिंग, बॉल सीट आणि आट्याचा प्लग असतो. स्प्लिट पिन काढून प्लग पूर्ण आवळायचा. मग बेल क्रँककडच्या टोकाला अर्धा फेरा आणि ड्रॉप आर्मकडच्या टोकाला एक पूर्ण फेरा मागे घेऊन नवी स्प्लिट पिन घालायची. स्प्रिंग-सीटचा क्रम दोन्ही टोकांना सारखा नसतो, तेव्हा उघडण्याआधी फोटो काढा. बेल क्रँकला मूळची नीडल बेअरिंग असतात; ग्रीस न मिळाल्याने ती पिनमध्ये खाचा पाडतात. पिन खराब झाली असताना नुसती बेअरिंग बदलणं म्हणजे महिन्याभराची मलमपट्टी. पिन आणि बेअरिंग जोडीनेच बदला. गनमेटलचा बुशही चालतो, पण तो बसवल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारून घ्या आणि ग्रीस जायला खाच ठेवा. किंग पिनला वरच्या कॅपखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात. ते कमी करत नकल (चाक धरणारा, किंग पिनवर वळणारा भाग) फिरवायला किंचित जड होईपर्यंत आणायचं; ऑइल सील काढून टाय रॉडच्या भोकाशी स्प्रिंग काट्याने ओढलं तर साधारण साडेपाच ते सात किलो ताण लागावा. सगळ्यात शेवटी टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते माप), १.२ ते २.४ मिमी. कॅस्टर (किंग पिनचा मागे झुकलेला कोन) ३ अंशांचा. पाटे बसले असतील किंवा शॅकल (पाटे चॅसिसला जोडणारे दुवे) झिजले असतील तर तोही गेलेला असतो, आणि मग प्ले नसतानाही गाडी भरकटते.

या पर्यायात बॉक्सला हात लावायचाच तर क्रम चुकवू नका. ड्रॅग लिंक सोडवा. आधी कॉलमची (स्टीअरिंगच्या दांड्याची) वर-खाली ढिलाई वरच्या कव्हरखालचे शिम कमी करून काढा. मगच बाजूच्या कव्हरचा स्क्रू, आणि तोही स्टीअरिंग बरोबर मध्यावर ठेवून. रॉसच्या कॅमची (कॉलमच्या खालच्या टोकाच्या खाचेच्या भागाची) खाच मध्यावर मुद्दाम उथळ कापलेली असते, म्हणजे सरळ जाताना तिच्यात बसणाऱ्या लिव्हर शाफ्टच्या पिना घट्ट बसतात आणि दोन्ही टोकांना मोकळ्या राहतात. कोणी स्टीअरिंग पूर्ण वळवून ठेवून तिथे प्ले काढला, तर मध्यावर येताच ते अडकतं, आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येत नाही. ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट. या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवताना मध्यावर जेमतेम अटकाव जाणवला की लॉक नट आवळा.

स्क्रू आवळल्यावर मध्यावर प्ले गेला पण फिरवताना खडबडीत लागतंय, किंवा ड्रॉप आर्म हाताने वर-खाली ढकलला तर शाफ्टच हलतोय, तर दुसरा पर्याय घ्यावा लागतो : बॉक्स भरणं, म्हणजे उघडून झिजलेले भाग नवे घालणं. ड्रॉप आर्म काढायला पुलर वापरा. हातोड्याचे घाव आतल्या पिना आणि कॅमवर जातात. उघडल्यावर लिव्हर शाफ्टच्या दोन्ही पिना बघा. त्या निमुळत्या गोल असायला हव्यात. बाजूने चपट्या झाल्या असतील तर शाफ्ट बाद. कॅमच्या खाचेत नख अडकत असेल तर कॅमही बाद, आणि जुन्या कॅमवर नवा शाफ्ट घालण्यात अर्थ नाही. बाजारात मिळणाऱ्या शाफ्टचा दर्जा सारखा नसतो. दुकानातच पिनेच्या कडेला बारीक कानस हलकेच लावून बघा. कानस घसरली तर कडक, तिने ओरखडा काढला तर दुकानातच ठेवून या. बुश आधी बसवायचे आणि मग दोन्हींमधून एकाच सरळ रेषेत रीमर. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम करणारे हात मिळतात. नुसती ड्रिल मारून देणाऱ्याकडे जाऊ नका. सील नवं घाला आणि आत गिअर ऑइलच भरा. सील गळतंय म्हणून ग्रीस कोंबायची सवय या बॉक्सचा जीव घेते : पिना ग्रीस बाजूला सारतात, ते परत येत नाही, आणि कॅम कोरडा चालतो.

तिसरा पर्याय दुसऱ्या गाडीच्या रीसर्क्युलेटिंग बॉल (आत फिरत्या गोळ्यांवर चालणाऱ्या) बॉक्सचा, साधा किंवा पॉवर. फायदा खरा आहे. रुंद टायर असतील तर रॉसवर गाडी पार्क करताना खांदे भरून येतात. पॉवरने ते जातं. पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून बॉक्स आणला की काम संपत नाही, सुरू होतं. बॉक्स चॅसिसच्या आत की बाहेर, आर्म पुढे की मागे, यावर दिशा ठरते. उलटा बसला तर स्टीअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते. चॅसिसला आतून-बाहेरून पट्टी हवी, आणि बोल्ट जातात तिथे आत नळीचे तुकडे. नाहीतर आवळताना चॅसिस चेपतं आणि काही महिन्यांत तडा. कॉलमपासून बॉक्सपर्यंत यू जॉइंटचा शाफ्ट लागतो. तीन जॉइंट झाले तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच. बेल क्रँक काढून ड्रॅग लिंक थेट नकलला जोडणार असाल, तर ती टाय रॉडला शक्य तितकी समांतर ठेवा. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग स्वतःच वळेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांवर बंधन घालतं, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्या.

पैशाच्या आणि वेळेच्या दृष्टीने पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त, आणि तो कधीच वाया जात नाही, कारण पुढच्या दोन्हींसाठी लिंकेज धडधाकट लागतंच. पॉवर स्टीअरिंगची यात एक फसवी बाजू आहे : ते झिजलेल्या किंग पिना आणि एंडचा ठोका हाताला जाणवू देत नाही. बारीक टायर, मूळ रूप, शनिवार-रविवारची गाडी असेल तर लिंकेज करा, मग लागलाच तर रॉस भरा. नीट भरलेला रॉस हलका आणि नेमका चालतो. रुंद टायर आणि रोजचा शहरातला वापर असेल तरच तिसऱ्याचा विचार. टायर मूळ मापाचे आणि चॅसिसला आधीच दोन-तीन वेल्ड असतील, तर तिसरा पर्याय सोडूनच द्या.

कोणतंही काम झालं तरी पहिल्या १०० किलोमीटरनंतर बॉक्सचे बोल्ट आणि ड्रॉप आर्मची नट पुन्हा आवळा. आणि बॉक्स बदललात तर काढलेला रॉस ऑइल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. उद्या जीप मूळ स्वरूपात विकायची झाली, तर घेणारा पहिल्यांदा त्याबद्दलच विचारेल.