कॉमोडसचं रोम: १९६४ चं की २००० चं?

'ग्लॅडिएटर' (२०००) बहुतेकांनी बघितलेला असतो. 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' (१९६४) मात्र तीन तासांचा आहे म्हणून राहून जातो. दोन्हींची सुरुवात एकच. डॅन्यूब नदीवरच्या आघाडीवर म्हातारा रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस, आणि गादी मुलाला, कॉमोडसला, द्यायची नाही असं त्यानं ठरवलेलं. इतिहासात कॉमोडस इ.स. १७७ पासूनच सहसम्राट होता आणि मार्कस १८० मध्ये आजारानं गेला. पण एवढी मोकळीक दोघांनीही घेतली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वाटा फुटतात त्या बापाच्या मरणापाशी. 'ग्लॅडिएटर'चा दिग्दर्शक रिडली स्कॉट, त्याचा कॉमोडस रडत रडत बापाला छातीशी घट्ट आवळतो आणि गुदमरवून मारतो. त्याही क्षणी त्याची कीव येते. अँथनी मानच्या १९६४ च्या सिनेमात कॉमोडसच्या गोटातला आंधळा क्लिअँडर सफरचंद कापतो. सुरीची एकच बाजू विषारी असते, ती फोड सम्राटाच्या वाट्याला येते. पुढे बर्फातली अंत्ययात्रा. ॲलेक गिनेसचा मार्कस गेल्यावर मला घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं.

जुन्या सिनेमाचा नायक फिका आहे, हे कबूल. लिव्हियस झालेला स्टीफन बॉइड 'ग्लॅडिएटर'मध्ये मॅक्सिमस झालेल्या रसेल क्रोच्या जवळपासही येत नाही. मध्यंतराआधी वेगही बराच मंदावतो. घरच्यांसोबत, एकाच संध्याकाळी, जेवणानंतर बघायचा असेल तर 'ग्लॅडिएटर'च लावा. गव्हाच्या ओंब्यांवरून फिरणारा तो हात आणि हान्स झिमरचं संगीत पहिल्या पाच मिनिटांतच आपल्याला धरून ठेवतात.

मला खटकतो तो 'ग्लॅडिएटर'चा शेवट, आणि दर वेळी खटकतो. कॉमोडस आखाड्यात पडतो, मरता मरता मॅक्सिमस सिनेटच्या हाती सत्ता द्यायला सांगतो आणि रोम सावरेल अशी आशा ठेवून पडदा पडतो. इतक्या मेहनतीनं उभं केलेलं जग असं एका वाक्यात दुरुस्त झालेलं पाहून माझा सगळा रस निघून जातो. खरा कॉमोडस १९२ च्या अखेरच्या दिवशी मारला गेला. पुढच्याच वर्षी प्रिटोरियन शिपायांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षकांनी, गादी लिलावात काढली आणि डिडियस ज्युलियानस नावाच्या सिनेटरनं माणशी २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल करून ती घेतली.

मानचा सिनेमा तिथपर्यंत जातो. मधली काही पानं तो गाळतो, पण नेतो बरोबर जागी. माद्रिदजवळ उभारलेल्या त्या प्रचंड फोरममध्ये ढालींचं रिंगण होतं, आत द्वंद्व होतं, कॉमोडस पडतो. लिव्हियसला गादी देऊ केली जाते, तो नाकारतो आणि कॉमोडसच्या बहिणीला, लूसिलाला, घेऊन गर्दीतून निघून जातो. पाठीमागे बोल्या सुरू झालेल्या असतात.

तुमची आवड वेगळी असू शकते. पण दोन संध्याकाळी मोकळ्या असतील, तर पहिली १९६४ ला द्या.