रिटेल-डिस्ट्रिब्युशन-कॉस्मेटॉलॉजी कोर्स: फी वसूल, किटचे पैसे पाण्यात

किटमधला वॅक्स हीटर ऐन जानेवारीत बंद पडला आणि कॉलेजने हात वर केले, म्हणून हे लिहितेय. नाशिकच्या थंडीत हीटरशिवाय वॅक्स म्हणजे दगड. त्यात लग्नसराई. दोन गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली, आणि आमच्या धंद्यात परत गेलेली बाई सहसा पुन्हा येत नाही.

कोर्स संपून काही महिने झालेत. सध्या मी रविवार कारंजाजवळ कॉस्मेटिक्सच्या एका दुकानात काउंटरला आहे, होलसेल आणि रिटेल दोन्ही चालतं. सुट्टीच्या दिवशी सिडकोत घरी थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल करते. त्यामुळे कोर्सचे तिन्ही भाग रोजच्या वापरात आहेत. प्रवेश कसा मिळतो, विषय कोणते, हे ज्यांना घ्यायचाय त्यांना माहीत असतंच. ते सोडून देते.

हीटरचं एक वेळ समजू शकते, वस्तू बिघडते. माझा खरा राग डेव्हलपरच्या, म्हणजे हेअर कलरमध्ये मिसळायच्या द्रावणाच्या, बाटल्यांवर आहे. फी वेगळी, किटचे पैसे वेगळे, आणि किट कॉलेजकडूनच घ्यायची सक्ती. किट हातात पडलं जूनअखेर. त्यात २० आणि ३० व्हॉल्यूमचा डेव्हलपर होता, म्हणजे ६ आणि ९ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हेअर कलरचं प्रॅक्टिकल लागलं दिवाळीनंतर. बाटलीवर मुदत सप्टेंबरची! सील फोडायच्या आत माल मुदतबाह्य. पेरॉक्साइड जुनं झालं की हळूहळू त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होत जातं, जोर उतरतो. मग रंग असमान चढतो, पांढरे केस तसेच दिसत राहतात. मॉडेल आपणच आणायची असते. माझी जाऊबाई बसली होती आणि तिच्या कपाळावरची पांढरी बट जशीच्या तशी राहिली. मॅडम म्हणाल्या, "मिक्सिंग चुकलं असेल." मिक्सिंग वजनकाट्यावर केलं होतं, मॅडमसमोर. बाटली उलटी करून तारीख दाखवली, तर म्हणाल्या किटचं ऑफिसला विचारा. ऑफिस म्हणालं सप्लायरला विचारा. सप्लायरचा नंबर मात्र कोणीच दिला नाही.

याच कॉलेजने डिस्ट्रिब्युशनच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं की ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढायचा. माल उतरवून घेताना बॅच नंबर, तारीख आणि एमआरपी चलनाशी, म्हणजे मालासोबत येणाऱ्या कागदाशी, ताडून पाहायची. आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका गोडाऊनमध्ये नेऊन प्रत्यक्ष करून घेतलं. कॉलेजने स्वतःच्या किटला हा नियम लावला असता तर त्या बाटल्या दारातूनच परत गेल्या असत्या.

आता मत बदललंय ते सांगते. कोर्स चालू असताना आम्ही बहुतेक मुली गोडाऊन आणि बिलिंगच्या तासाला कंटाळायच्या. हात पार्लरमध्ये बसायला हवा, चलन आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) शिकून काय करायचं, असं मलाही वाटायचं. आज विचाराल तर पगार त्याच तासांमुळे मिळतोय. दुकानात लागल्यावर एक सेल्समन १० वर १ फुकटची स्कीम घेऊन आला. शेठना तो सरळ १० टक्के सूट म्हणून सांगत होता. मी म्हटलं, शेठ, ११ नग १० च्या पैशात पडतात, म्हणजे सूट ९ टक्क्यांच्या जरा वर. शिवाय खोका उघडून तारखा बघू. तारखा बघितल्या तर मुदतीला चार महिने उरलेले. तेवढा माल आमच्याकडे सहा महिन्यांतही खपत नाही. शेठनी तो घेतला नाही. पुढच्याच आठवड्यापासून त्यांनी खरेदीची वही माझ्याकडे दिली, आणि पगारही वाढवला. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

मार्जिनचंही तसंच. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर नफा खरेदीवर २५ टक्के, पण विक्रीवर २०. हा फरक बाजारात वर्षानुवर्षं बसलेल्यांच्याही बोलण्यात गडबडतो. घरच्या कामाचे दर मी याच हिशोबाने ठरवले. वॅक्स, स्ट्रिप, वीज, सगळं धरून. आधी शेजारीण घेते म्हणून तेवढेच घेत होते.

पार्लरच्या भागाबद्दल तक्रार नाही. थ्रेडिंगच्या मॅडमचा हात सोन्याचा. हेअर कलरच्या ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग लावून त्रास होतो का ते बघायचं, ही शिस्त त्यांनी अंगात मुरवली. काळ्या रंगांत बहुतेक पीपीडी नावाचं केमिकल असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी कोणाला कधी उठेल सांगता येत नाही. काउंटरवरही मी रंग घेणाऱ्या बाईला हे सांगते. घाईत असेल तरी. ब्रायडल मेकअप मात्र गुंडाळला.

प्रवेश घेणार असाल तर ऐका. फक्त पार्लर शिकायचं असेल तर शासकीय आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड दहावी पासवर एक वर्षाचा असतो, फी खाजगीच्या मानाने नगण्य, आणि सर्टिफिकेटला देशभर मान्यता. तिथे नंबर लागत असेल तर आधी तिकडे जा. दुकान, डिस्ट्रिब्युटरकडची नोकरी किंवा स्वतःचं छोटं दुकान डोक्यात असेल तर असा तिहेरी कोर्स घ्यायला हरकत नाही. पण पहिला हप्ता भरण्याआधी किटची यादी लेखी मागा, प्रत्येक वस्तूच्या मुदतीसकट. हीटरचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड तुमच्या नावाने मागा. आम्हाला मिळाली ती कॉलेजच्या शिक्क्याची साधी पावती. हीटर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले तर तिला काहीच किंमत नव्हती. शेवटी मेन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी थर्मोस्टॅट बदलून दिला, आता चालतोय.

नंतरची भर: हे लिहून ठेवल्यावर कॉलेजमधून फोन आला. डेव्हलपरच्या दोन नव्या बाटल्या द्यायला तयार आहेत. मी त्या नाही घेणार, मला त्यांचे पैसे परत हवेत. रंग मला दुकानातून खरेदीच्या दरात मिळतो. नव्या बॅचला किट बाहेरून आणायची मुभा देणार का, हेही विचारलंय. "मीटिंगमध्ये ठरेल" एवढंच उत्तर आहे. जूनच्या प्रवेशाआधी पुन्हा ऑफिसला जाणार आहे, या वेळी लेखी अर्ज घेऊन, आणि आमच्या बॅचच्या आणखी मुली सही करायला तयार आहेत.