ओटीपी नाही, पिन नाही, तरी खात्यातून २९,५०० रुपये गेले

आईच्या पेन्शन खात्यातून एका सकाळी १०,०००, १०,००० आणि ९,५०० रुपये निघाले. एटीएम कार्ड कपाटात, कुणाचा फोन नाही, कुठली लिंक उघडलेली नाही. पासबुकात तिन्ही नोंदींपुढे ‘एईपीएस’. म्हणजे आधारवरून पैसे काढायची सोय: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स. एका व्यवहाराला १०,००० ची मर्यादा, म्हणून तुकडे पाडले.

ठसा मिळतो दस्तातून. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार, सगळीकडे अंगठे आणि मागे आधारची झेरॉक्स. तो स्कॅन करून रबरावर उतरवतात. २०१८ मध्ये तेलंगणात नोंदणी खात्याच्या दस्तांतले ठसे असेच उतरवून हजारो सिम कार्डं चालू केली होती. म्हणजे यंत्रणेला हे तेव्हापासून माहीत आहे!

खूण आदल्या रात्रीच आली होती, हेच जिव्हारी लागतं. आधारकडून मेल: बोटाच्या ठशाने पडताळणी झाली, खाली संस्थेचं नाव आणि वेळ, रात्री ९:४०. चोर आधी शिल्लक बघतात, मग पैसे काढतात. पण रेशनला अंगठा लावला की दर महिन्याला अस्साच मेल येतो, त्यात वेगळं काय दिसणार? मेलमधली वेळ आणि संस्थेचं नाव वाचा. रात्री पावणेदहाला कुठलं रेशन दुकान उघडं असतं?

बँकेत पहिलं वाक्य, “ओटीपी दिला असणार.” अहो, या व्यवहाराला ओटीपी लागतच नाही, हे बँकेच्या माणसाला ग्राहकाने सांगायचं? पोलीस ठाण्यात, “पैसे परराज्यात निघालेत, आमची हद्द नाही.” १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार घेतली, क्रमांक दिला, पुढे सामसूम. बँक म्हणते पोलिसांचा कागद आणा, पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. सत्तरीच्या बाईने किती जिने चढायचे?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून न्या. चूक ग्राहकाची नसेल आणि ३ कामकाजी दिवसांत कळवलं तर त्याच्यावर बोजा नाही, १० कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची, आणि चूक ग्राहकाची होती हे बँकेने सिद्ध करायचं. त्यात स्पष्ट लिहिलंय. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारवरच्या ठशाला कुलूप, आजच करा. एमआधार ॲप किंवा मायआधार संकेतस्थळावर होतं, फुकट. रेशनच्या वेळी तात्पुरतं उघडा, १० मिनिटांनी आपोआप बंद होतं. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर आधी ते. झेरॉक्सऐवजी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. पिन बदलता येतो हो, अंगठा नाही. घरात ज्यांचं खातं आधारला जोडलंय त्या प्रत्येकाचं लॉक करा, फक्त स्वतःचं नाही. एईपीएस बंद करण्याचा अर्ज बँकेत लेखी द्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.